हा 'बूट' नक्की किती पायांचा?

पानउलटी
मंडळी, हसू नका असं म्हणणार नाही, कारण तुम्ही हसणारच आहात.

इंग्रजीतून मराठीत मजकूर करून द्यायची कामं मी घेते. परवा एका लेखात एका बाईंची ओळख होती. त्या शल्यविशारद, त्या गिर्यारोहक, 'अँड अ पोएट टू बूट'. रात्रीचे दोन वाजलेले, सकाळी मजकूर द्यायचा. आपण नखशिखांत म्हणतो तसं काहीतरी असेल, डोक्यापासून बुटापर्यंत, असा तर्क लढवला आणि लिहून मोकळी झाले: 'आणि त्या अगदी बुटापर्यंत कवयित्री आहेत.' संपादकबाईंनी समासात दोनच शब्द लिहून परत पाठवलं: 'मोजे धरून?'

तेव्हापासून हा शब्द पाठ सोडत नाही. संगणक बूट होतो. गाडीला मागे बूट असतो. नोकरीतून माणसाला बूट मिळतो. चोरून काढलेलं ध्वनिमुद्रण बूटलेग. नव्या सैनिकांचा बूट कॅम्प, आणि आता वजन कमी करणाऱ्यांचाही. हे सगळं एकाच चामड्यातून कापलंय का? आणि त्या 'टू बूट'ला मराठीत लिहू काय? सुधारलेला मजकूर शुक्रवारी द्यायचाय.

टिचकी
मोजे धरून!!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).
माझी ओळख करून देताना 'बुटापर्यंत आळशी' असं लिहावं ही नम्र विनंती.

कानामात्रा
'टू बूट' म्हणजे शिवाय, आणखी. शब्दकोश उघडला असता तर धाग्याची गरज नव्हती.

पानउलटी
कानामात्रा, अर्थ कळला हो आता. पण 'शिवाय'मध्ये पायताण कुठून शिरलं, ते शब्दकोशात सापडेना म्हणून तर इथे आले.

जुनीवही
पायताण शिरलंच नाही, हीच गंमत आहे. पायातला बूट आणि 'टू बूट'मधला बूट हे नुसते नावबंधू. पायातला जुन्या फ्रेंचमधून आला. 'टू बूट'मधला त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रजीच्या घरात होता. जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार 'बोट', ओ चांगला लांबवायचा, आणि अर्थ भरपाई, उपाय, फायदा. 'बेटर' आणि 'बेस्ट' याच घराण्यातले. जर्मनमध्ये प्रायश्चित्ताला 'बूसे' आणि डचमध्ये दंडाला 'बूते' म्हणतात, तेही भाऊबंदच.

केंटचा राजा एथेलबर्ट याचा साधारण इ.स. ६००च्या सुमाराचा कायदा उपलब्ध आहे. इंग्रजीत लिहिलेला सर्वांत जुना म्हणतात तो हाच. त्यात अवयवागणिक भरपाई ठरवून दिली आहे: हाताचा अंगठा तोडला तर २० शिलिंग, पायाचा अंगठा १०, अख्खं पाऊल ५०. अशा भरपाईला 'बोट' म्हणत. पुढे वस्तूच्या बदल्यात वस्तू देताना कमी पडेल तेवढं वरून द्यायचं, तोही 'बूट' झाला. अमेरिकेच्या करकायद्यात मालमत्तेची अदलाबदल करताना वर दिलेल्या रोख रकमेला आजही 'बूट'च म्हणतात. व्यवहार गळाला, 'वरून' उरलं. तुमच्या बाई शल्यविशारद, गिर्यारोहक आणि वरून कवयित्री.

टिचकी
म्हणजे बोट तोडलं की बोट भरायचा. आणि पाऊल तोडलं की बूट? राजा हिशेबाला पक्का होता.

उंबरठा
जुनीवही काका, दंडवत. मी आजवर समजत होते की 'टू बूट' म्हणजे 'वर एक लाथ' असं काहीतरी असणार.

रात्रपाळी
संगणकाचं मी सांगतो, माझं पोट त्यावर आहे.

वीज बंद केली की यंत्राच्या चालत्या स्मृतीतलं सगळं जातं. परत चालू केलं की त्याला काहीच आठवत नाही. कामाचा प्रोग्रॅम डिस्कवर आहे, पण डिस्कवरून उचलून आणायलाही प्रोग्रॅम लागतो. मग तो कोण उचलणार? कोंबडी आधी की अंडं आधी, त्यातला प्रकार. म्हणून एक चिमुकला प्रोग्रॅम पहिल्यांदा आत जातो, तो थोड्या मोठ्याला आणतो, तो त्याहून मोठ्याला. यंत्र स्वतःच स्वतःला उचलून उभं करतं, म्हणून १९५०च्या दशकातल्या लोकांनी त्याला 'बूटस्ट्रॅप' म्हटलं. स्ट्रॅप झिजून गळला, बूट राहिला.

१९७५चा आल्टेअर ८८०० हा संगणक आला तेव्हा त्या चिमुकल्या प्रोग्रॅमला राहायला जागाच नव्हती. समोरच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून एकेक आकडा हाताने आत घालायचा. एक खटका चुकला की पहिल्यापासून. पुढे तो तुकडा चिपमध्येच बसवून द्यायला लागले. जुन्या घरगुती संगणकांच्या डिस्कचा पहिला कप्पा ५१२ बाइटचा, आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ आणि एए ही खूण असलीच पाहिजे. नसली तर डिस्क गच्च भरलेली असली तरी यंत्र तिला ओळख दाखवत नाही. एका रात्री या दोन बाइटपायी मी सूर्योदय पाहिलाय.

थोडक्यात, बुटाची नाडी धरून स्वतःला वर उचलायचं, तसं.

टाचमारे
बाकी सगळं मान्य, पण नाडीला हरकत. बूटस्ट्रॅप म्हणजे नाडी नव्हे.

घोट्याच्या वर जाणारा बूट घरात असेल तर हातात घेऊन बघा. मागे, टाचेच्या शिवणीच्या अगदी वरच्या टोकाला, चामड्याची किंवा कापडाची बोटभर पट्टी दुमडून शिवलेली असते. तिच्यात तर्जनी अडकवायची, पंजा आत सारायचा आणि पट्टी वर ओढत टाच खाली दाबायची. टाच बसताना 'फक्' असा हवेचा आवाज येतो, तो आला की समजायचं बूट बसला. तीच ती बूटस्ट्रॅप. उंच घोडेस्वारी बुटांना दोन्ही अंगांना दोन असतात आणि त्यात आकडे अडकवून ओढायचे. नाडी बांधायला असते, उचलायला ही. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या चार बुटांची हीच पट्टी उसवलेली असते, कारण लोक ती धरून बूट खुंटीला टांगतात.

रात्रपाळी
चूक कबूल. वीस वर्षं बूट करतोय आणि पट्टी आज कळली. आत्ता उठून कपाटातले बूट पाहिले, माझीही उसवलेलीच आहे.

मधलीसुट्टी
आमच्या आजोबांची गोष्ट. दादा फोनवर कुणाला तरी सांगत होता, 'अहो, बूट होतच नाहीये, दोनदा मारून पाहिलं, मध्येच अडकतंय.' आजोबांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, 'त्याला सांग, एक नंबर वरचा घे.'

स्वयंभू
बूटस्ट्रॅपचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. माझी छोटी कंपनी आहे, कुणाचाही पैसा न घेता उभी केलेली. त्याला आमच्यात 'बूटस्ट्रॅप्ड' म्हणतात आणि त्याचा मला अभिमान आहे. ज्याने त्याने आपापल्या बुटाची पट्टी धरावी आणि वर यावं, एवढंच या शब्दात सांगितलंय. हल्ली मात्र सगळ्यांना कुणीतरी उचलून हवं असतं.

जुनीवही
स्वयंभू, तुमच्या कष्टांबद्दल आदरच आहे. पण या वाक्प्रचाराला साक्षीला बोलावू नका, उलटा फिरेल. तो जन्मला टिंगलीसाठी. १८३४ साली अमेरिकेतल्या एका माणसाने अखंड चालणारं यंत्र शोधल्याचा दावा केला. तेव्हा एका वृत्तपत्राने लिहिलं की आता हे गृहस्थ आपल्या बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला कंबरलँड नदीपलीकडे ठेवतील बहुतेक. पुढेही कितीतरी वर्षं अशक्य गोष्टीचं उदाहरण म्हणून लोक हेच द्यायचे. टाचमाऱ्यांनी सांगितलेली पट्टी दोन्ही हातांनी धरा आणि ओढा बरं वर. पट्टी तुटेल, तुम्ही तिथेच.

स्वयंभू
शब्दांचे अर्थ बदलतात, काका. आज तो कौतुकानेच वापरतात. १८३४ला कोण काय हसलं त्याच्याशी मला काय करायचंय?

उंबरठा
बदलतात, मान्य. पण हा बदलला कसा ते तरी बघा. जे होऊच शकत नाही म्हणून हसले, तेच आता 'तू का करत नाहीस?' म्हणून माणसाला सुनावतात. आणि राग मानू नका, पण तुमच्याच मागच्या धाग्यावर वाचलंय, पहिली दोन वर्षं वहिनींच्या पगारावर घर चाललं. मग पट्टी कुणी धरली होती?

स्वयंभू
हा मुद्दा बायकोला वाचून दाखवला. ती म्हणते, उंबरठाताईंना माझा नमस्कार सांगा. मी या विषयावर आता गप्प.

सरासरी
संख्याशास्त्रातलं बूटस्ट्रॅप राहिलं. ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९मध्ये मांडलं. हातात एकच नमुना आहे, नवा गोळा करायची सोय नाही. मग त्याच नमुन्यातून चिठ्ठ्या काढायच्या, काढलेली चिठ्ठी परत आत टाकायची, असे हजारो नमुने बनवायचे आणि आपला अंदाज किती डळमळतो ते पाहायचं. आपल्याच पट्टीने आपल्याला उचलणं, आणि इथे ते जमतं. त्या निबंधाच्या शेवटी एफ्रन यांनी आणखी भडक नावं सुचवणाऱ्या मित्रांचे आभार मानलेत. त्यात खाटकाची कुऱ्हाड होती, बंदूकही होती. बूटच बरा म्हणायचा.

परतलेला
मी इंग्लंडात चार वर्षं काढली, तिथे या शब्दाने मला चांगलाच छळला. पहिल्याच दिवशी विमानतळाबाहेर टॅक्सीवाले आजोबा म्हणाले, 'बूट इज ओपन, सर.' मी खाली वाकून नाड्या तपासल्या. बांधलेल्या होत्या. त्यांना तसं सांगितलंही. ते काही बोलले नाहीत, माझी बॅग उचलून मागे डिकीत ठेवली.

मग कचेरीत जुन्या वह्या-पेनांचा ढीग काढून ठेवला होता. सहकारी म्हणाला, 'फिल युअर बूट्स!' मला वाटलं टोमणा आहे, हावरटपणा करू नकोस असा. एक पेन उचलून गुपचूप जागेवर आलो. अर्थ नेमका उलटा: हवं तेवढं घे, हात आखडू नकोस.

तिसरा प्रसंग. आमचे पैसे महिनोन्महिने अडवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला एकदा आमच्याकडूनच काहीतरी तातडीने हवं होतं. साहेब हात चोळत म्हणाले, 'द बूट इज ऑन द अदर फूट नाउ.' या खेपेला मात्र मी खाली पाहिलं नाही.

पानउलटी
परतलेला, तुमच्यामुळे मला एकटं वाटत नाही. हा शेवटचा मी 'फासे उलटे पडले' असा करीन. पण बूट दुसऱ्या पायात घातल्याने एवढं काय बिघडतं?

टाचमारे
करकचून चावतो ना! पण गंमत अशी की साधारण १६०० ते १८०० या काळात युरोपात डावा-उजवा असा भेदच नव्हता. दोन्ही एकाच साच्यावर, सरळ नाकाचे. आलटून पालटून घालायचे, म्हणजे सारखे झिजतात. डाव्या-उजव्याचे वेगळे साचे सर्रास झाले ते एकोणिसाव्या शतकात. दुसऱ्या पायात गेलेला बूट बोचायला लागला तो तेव्हा.

कानामात्रा
गाडीच्या बुटाबद्दल कुणीच सांगितलं नाही. घोड्यांच्या बग्गीला गाडीवानाच्या बसायच्या जागेपाशी एक कप्पा असे, त्याला बूट म्हणत. त्यात सामान ठेवत. बग्गी गेली, कप्पा मोटारीच्या मागे गेला, नाव तेच राहिलं. अमेरिकनांनी सुरुवातीला मोटारीच्या मागे खरोखरची पेटीच बांधली, म्हणून त्यांचं 'ट्रंक'. आपली 'डिकी' आली ती मागच्या बाजूला उघडणाऱ्या जादा आसनावरून, त्याला डिकी सीट म्हणायचे. माणसं बसायची जागा आपण सामानाला दिली.

टिचकी
आणि अमेरिकेत गाडीला बूट म्हणजे तो पिवळा सांगाडा, बरोबर? चुकीच्या जागी गाडी लावली की चाकाला अडकवतात तो.

कानामात्रा
हो. डेन्व्हर बूट. फ्रँक मारुग नावाच्या गृहस्थांनी बनवला, आणि डेन्व्हरच्या पोलिसांनी १९५५पासून वापरायला घेतला. हे मारुग तिथल्या सिम्फनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायचे.

टिचकी
व्हायोलिनवादक, लोहारकाम जाणणारे, आणि टू बूट... नाही, यापुढे लिहायची गरजच नाही.

मधलीसुट्टी
नोकरीतून बूट मिळणे = आपलं नारळ मिळणे. निरोपाचा नारळ निदान हातात तरी देतात. बूट कुठे बसतो ते सांगायला नको.

उंबरठा
बूटलेग पण पायातलाच. उंच बुटाच्या नळीत दारूची चपटी बाटली खुपसून न्यायची, त्यावरून. हा शब्द एकोणिसाव्या शतकातला, पण अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा त्याचे सोन्याचे दिवस आले. मग चोरून काढलेली गाणीही बूटलेग. जीन्समधला 'बूटकट' मात्र सज्जन आहे, बुटावर नीट बसावा म्हणून खाली सैल, एवढंच.

आणि 'बूटी' म्हणजे लूट, ती बुटातून आलेली नाही. जर्मनच्या एका जुन्या बोलीत वाटणीला 'ब्यूते' म्हणत, त्यावरून आलीय.

टिचकी
म्हणजे लूट हा शब्द त्यांनी आपल्याकडून नेला आणि बूट आपण त्यांच्याकडून घेतला. हिशेब जुळत नाही, वरून काहीतरी देणं लागतात.

जुनीवही
टिचकी, 'बूट' लागतात.

या दोन बुटांच्या गोंधळात पानउलटी एकट्या नाहीत बरं का. इंग्रजीत 'बूटलेस' म्हणजे निष्फळ, तो भरपाईवाल्या बुटापासून. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरच्या नाटकात, पहिल्या भागात, वेल्सचा ग्लेंडावर बढाई मारतो की मी राजाला तीन वेळा वादळवाऱ्यात 'बूटलेस' परत धाडलं. त्याचा साथीदार हॉट्स्पर म्हणतो, काय सांगता, असल्या हवेत अनवाणी? मग त्याला हुडहुडी कशी भरली नाही? चारशे वर्षांहून जुनी कोटी आहे. बुटापर्यंत कवयित्री त्याच वंशातली, फक्त ती हॉट्स्परने मुद्दाम केली होती.

पानउलटी
काका, शेवटचं वाक्य लागलं. पण शेक्सपिअरच्या वंशात बसवलंत म्हणून माफ.

रिकामीखुर्ची
थोडा खेळ येऊ द्या. आठव्या हेन्रीने १५२६मध्ये फुटबॉलसाठी खास बूट शिवून घेतले होते, त्याची ४ शिलिंगांची नोंद आहे. आणि १९५८च्या विश्वचषकात फ्रान्सच्या जुस्त फोंतेनने १३ गोल केले, ते मागून घेतलेल्या बुटांवर! सरावात त्याचे फाटले, संघातल्याच एकाचे त्याच्या मापाचे होते. एका विश्वचषकात १३ गोल आजवर दुसऱ्या कुणाला जमलेले नाहीत. दुसऱ्याच्या बुटात पाय घालणं म्हणजे काय ते त्याला विचारायचं.

निवृत्ती घेतली की फुटबॉलवाले 'बूट टांगतात'.

टाचमारे
पट्टी धरून टांगू नका म्हणावं.

उंबरठा
मरणाचे पण आहेत. बूट घालून मरणं म्हणजे अंथरुणात न मरता कामात किंवा मारामारीत मरणं. अमेरिकेच्या पश्चिमेकडे अशा माणसांना पुरायच्या टेकडीचं नावच बूट हिल. डॉज सिटीची प्रसिद्ध आहे. आपल्याकडे 'वहाणा घालून मेला' म्हटलं तर लोक विचारतील, देवळात का?

परतलेला
वेलिंग्टन राहिला. असईची लढाई लढलेला इंग्रज सेनापती, तोच. त्याने घोडेस्वारीच्या बुटात फेरफार करून घेतला, म्हणून त्या बुटाला त्याचं नाव. पुढे चामडं जाऊन रबर आलं आणि ते झाले चिखलात घालायचे 'वेली'. बोलीत 'गिव्ह इट सम वेली' म्हणजे जोर लाव, कसून दाब. सरदाराचं नाव शेवटी जाम झालेल्या झाकणाच्या कामी आलं.

मधलीसुट्टी
त्यापेक्षा रोमचा कॅलिग्युला बघा. रोमन सैनिकाचं पायताण 'कॅलिगा'. लहानपणी बापाच्या छावणीत तसलेच छोटे घालून फिरायचा म्हणून शिपायांनी नाव ठेवलं, छोटा बूट. खरं नाव गाययस. जुलमी सम्राट झाला, मारला गेला, आणि इतिहासात राहिला तो बुटुकलाच.

रिकामीखुर्ची
अवांतर: मागे आपला गटग (गेट-टुगेदर) करायचा बूट निघाला होता, त्याचं काय झालं?

कानामात्रा
थांबा थांबा. काय निघाला होता?

रिकामीखुर्ची
गटगचा... अरेच्चा!

टिचकी
पकडले गेलात. चाळीस प्रतिसाद होत आले, शेक्सपिअरपर्यंत जाऊन आलो आणि आपला घरचा बूट कुणालाच आठवला नाही. सहलीचा बूट निघतो, नाटक बसवायचा बूट निघतो. बूट निघाला की माणसं घरी बसत नाहीत, खरं तर तेव्हा बूट घालायचा असतो.

पानउलटी
मी स्वतः हजार वेळा म्हटलं असेल हे! आणि आता शोधतेय, बूट 'निघतो' आणि 'काढतात' दोन्ही चालतं, पण बूट कधी 'येत' नाही आणि 'सुचत' तर मुळीच नाही. 'मला एक बूट सुचला' म्हणून बघा. आणि बूट निघाला म्हणजे बेत ठरला असंही नाही. कुणीतरी टूम सोडलेली असते, पुढे होईल न होईल.

जुनीवही
गटगच्या बाबतीत न होईल.

रात्रपाळी
बूट निघाला, पण बूट झाला नाही.

पानउलटी
:) आता मूळ प्रश्नाकडे. उद्या शुक्रवार. काल चार पर्याय मांडून बसले, कुणी मत देईल का?

'शिवाय कवयित्री'. बरोबर आहे, पण सपक. यादीतली पुढची नोंद वाटते.
'वर कवयित्री'. यात मला भांडण ऐकू येतं. 'उशिरा आला आणि वर मलाच बोलला', त्यातला 'वर'. बाईंनी कविता करून काही गुन्हा केल्यासारखा.
'भरीस भर कवयित्री'. हे तर संकटच. पूर आला, भरीस भर वीज गेली.
'जोडीला कवयित्री'. हा त्यातल्या त्यात प्रेमळ वाटतो.

इंग्रजीत 'टू बूट' चांगल्यालाही चालतो आणि वाइटालाही, तो मोकळेपणा एकाही मराठी शब्दात सापडत नाहीये.

कानामात्रा
'वर'ला एवढं नावं ठेवू नका, 'वरून' केलं की कडवटपणा जरा कमी होतो. पण या वाक्यात 'जोडीला'च. वाक्य असं फिरवा: 'त्या शल्यविशारद आहेत, गिर्यारोहक आहेत आणि जोडीला कविताही लिहितात.' 'कवयित्री' हे तिसरं नाम अडकवून ठेवलंत म्हणून दाटी होत होती. (पहिल्या प्रतिसादात जरा तुसडेपणाने लिहिलं, त्याबद्दल क्षमस्व.)

उंबरठा
+१. 'जोडीला'.

पानउलटी
ठरलं! 'जोडीला कविताही लिहितात.' पाठवून दिलं. सगळ्यांचे आभार, काकांचे विशेष. बूट एकदाचा वाक्यातून गेला.

टाचमारे
ताई, पाठवलंत ते छान झालं, पण एक सांगू का? पायातल्या दोन नगांना आम्ही धंद्यातली माणसं बूट क्वचितच म्हणतो. आम्ही म्हणतो जोडा. जोड असते म्हणून जोडा. 'जोडीला' त्याच जोडातला.

टिचकी
'टू बूट'मध्ये पायताण नव्हतंच. ते ताईंनी भाषांतरात घातलं!

पानउलटी
संपादकबाईंचं उत्तर आलं: 'छान. आता मोज्यांची गरज नाही.' टाचमारे दादा, तुमचा प्रतिसाद मी त्यांना दाखवणार नाहीये.